शाळेने मौन सोडावे

वेदगंगेच्या काठच्या कोणत्याही गावात पहाटे दूधसंस्थेच्या दारात उभे राहिले, तर लोकशाहीचा एक छोटा पण अस्सल पाठ पाहावयास मिळतो. म्हशीचे दूध घेऊन आलेली गृहिणी नुसते दूध ओतून परत फिरत नाही. माप किती भरले, फॅट किती लागली, दर काय बसला, हे ती तेथल्या तेथे पाहून घेते. दहा दिवसांनी बिल हाती पडले की त्यातील पैशा-दोन पैशांचा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही. गळिताच्या हंगामात त्याच घरातील ऊस कारखान्याला जातो, तेव्हा वजनकाट्याची पावती कोनाड्यात जपून ठेवली जाते. वार्षिक सर्वसाधारण सभेत साखरेच्या उताऱ्यावरून संचालकांना धारेवर धरणारा सभासद या भागात दुर्मीळ नाही. सहकाराने कोल्हापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्याला पैसा किती दिला, यावर वाद होऊ शकेल. पण हिशेब मागण्याची सवय मात्र त्याने नि:संशय लावली.

याच घरातले मूल गावच्या प्राथमिक शाळेत चौथीत शिकत असते. त्याला अनोळखी परिच्छेद न अडखळता वाचता येतो काय, हातच्याची वजाबाकी जमते काय, गेल्या महिन्यात ते किती दिवस शाळेत होते, असे कोणी विचारले, तर दुधाच्या दशांशावर बोट ठेवणारी तीच माऊली म्हणते, 'ते गुरुजींना ठाऊक.' या उत्तराचा दोष पालकांच्या अज्ञानाला आणि उदासीनतेला देण्याची रीत आहे. ती सोयीची असली तरी न्याय्य नाही. दूधसंस्था पावती देते म्हणून हिशेब विचारला जातो. शाळेने अशी पावती पालकाच्या हाती कधी दिली आहे काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

गारगोटीचा वारसा

हा प्रश्न गारगोटीच्या संदर्भात विचारण्यास विशेष औचित्य आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले हे भुदरगड तालुक्याचे ठाणे. शिवकालात पाटगाव येथे होऊन गेलेल्या मौनी महाराजांचे नाव धारण करणारे श्री मौनी विद्यापीठ १९५२ मध्ये येथे उभे राहिले. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले डॉ. जे. पी. नाईक आणि कोल्हापूरचे डॉ. व्ही. टी. पाटील यांची दृष्टी व कष्ट या कामामागे होते. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतची सारी व्यवस्था खेड्याच्या जीवनाशी बांधलेली असावी, शाळा ही गावाची असावी आणि गावाने तिला आपली मानावी, असा त्या प्रयोगाचा आशय होता. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून नाईकांनी देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडला. त्या आराखड्यात शाळा आणि समाज यांच्या जवळिकीला जे महत्त्व मिळाले, त्यामागे गावपातळीवरील प्रत्यक्ष कामाचा अनुभव होता.

नाईकांचा एक आवडता विचार असा की, शिक्षणाच्या योजना केवळ दिल्लीत वा मुंबईत न बनता प्रत्येक शाळेने आपली स्वत:ची योजना करावी. आपल्याजवळ काय आहे, काय उणे आहे आणि येत्या वर्षात काय साधता येईल, हे शिक्षकांनी व गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तिहींचा हाती न लागणारा त्रिकोण वर्णिला. संख्येची बाजू महाराष्ट्राने आता बरीचशी जिंकली आहे. वाडीवस्तीवर शाळा पोचली आणि पटावर नाव नसलेले मूल आता क्वचितच आढळते. उरल्या दोन बाजूंचा हिशेब मात्र अजून उघडलेला नाही.

राजाज्ञेपासून कायद्यापर्यंत

या भागातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर उत्तरदायित्वाची दिशा कशी बदलली हे स्पष्ट दिसते. भुदरगड हा तेव्हाच्या कोल्हापूर संस्थानाचा पेटा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद ठेवली. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. बहुजनांच्या पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवल्या गेल्या असताना राजाने पालकाला जाब विचारणे हे त्या काळाचे पुरोगामी पाऊल होते.

सुमारे नऊ दशकांनी, म्हणजे २००९ मध्ये, संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याने जाबाची दिशा उलटी केली. या कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिक्षणातील प्रगती यांची माहिती पालकांना देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्मी जागा स्त्रियांची असते. कलम २२ ने या समितीवर शाळेची विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. नाईकांचा जुना विचारच येथे कायद्याच्या भाषेत अवतरला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. शाहू महाराजांच्या कायद्याने पालक शासनाला बांधला गेला. २००९ च्या कायद्याने शाळा पालकाला बांधली गेली.

कागदावरचे हे बंधन व्यवहारात कसे दिसते? एखाद्या आडवारी सकाळी अकरा वाजता पालकसभा बोलावली जाते. ती वेळ भांगलणीची, वैरणीची किंवा मजुरीची असते. जे येतात त्यांत बहुसंख्य माता आणि आजी-आजोबा असतात. कारण या डोंगराळ तालुक्यातील कितीतरी घरांतील कर्ती माणसे पूर्वी गिरणीसाठी मुंबईला गेली आणि आता कारखान्यासाठी पुण्याला जातात. सभेत गणवेश, पोषण आहार, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते यांवर बोलणे होते. इतिवृत्तावर सह्या होतात आणि सभा संपते. मूल काय शिकले, हा विषय बहुधा कार्यक्रमपत्रिकेतच नसतो.

प्रगतिपुस्तक हाती पडते, तेही मुकेच असते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. गुणांची जीवघेणी स्पर्धा कमी व्हावी, हा तिचा हेतू स्तुत्यच होता. पण आता पत्रकावर 'ब-२' अशी श्रेणी असते आणि पुढे 'उपक्रमात सहभाग घेतो', 'आत्मविश्वासाने बोलतो' अशा ठरावीक नोंदी असतात. 'ब-२' म्हणजे बरे की वाईट, हे शिकलेल्या बापालाही चटकन उमगत नाही; मग अंगठा उठवणाऱ्या आजीने त्यातून काय वाचावे? 'नातू बोलतो चांगला, पण जोडाक्षर आले की अडतो. रोज रात्री त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या,' एवढे एक वाक्य तिला सांगितले असते, तर ते तिला कळले असते आणि तिने ते पाळलेही असते.

उठावाचा फलक आणि शिष्यवृत्तीचा फलक

शाळा गावापुढे येतच नाही असे मात्र नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शैक्षणिक उठाव हा शब्द घरोघरी परिचित आहे. शाळेला संगणक हवा, पाण्याची टाकी हवी, भिंती बोलक्या करावयाच्या आहेत, असे कळले की गाव वर्गणी काढते. मुंबईकर मंडळी पैसे पाठवतात, माजी विद्यार्थी मेळावा भरवून खोलीला रंग देतात, एखादा निवृत्त गृहस्थ आईच्या स्मरणार्थ कपाट देतो. कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातील कुंभोजचे. घराघरातील स्त्रियांनी मूठमूठ धान्य बाजूला काढून वसतिगृहे चालवावीत, ही त्यांची मुष्टिफंडाची कल्पना या मातीत कधीच परकी वाटली नाही. मद्रास राज्यातही १९५८ पासून शाळा-सुधारणा परिषदांची मोठी चळवळ उभी राहिली होती. शाळेच्या गरजांची यादी गावापुढे ठेवावयाची आणि गावाने त्या वाटून घ्यावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. लोक शाळेला देतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

देण्याचा सोहळा होतो. दिलेल्याचे काय झाले, हे सांगण्याचा प्रघात मात्र नाही. शाल-श्रीफळ दिले जाते, देणगीदाराचे नाव तैलरंगात भिंतीवर चढते आणि तेथे व्यवहार पुरा होतो. संगणक किती दिवस चालू होता, ग्रंथालयाची पुस्तके मुलांच्या हाती पडली की कपाटात कुलूपबंद राहिली, पाण्याची टाकी बसल्यापासून मुलींची गैरहजेरी घटली काय, हे प्रश्न विचारणे म्हणजे देणगीचा अपमान समजला जातो. त्यामुळे दान हे दानच राहते आणि भागीदारीपर्यंत पोचत नाही. वस्तू देणाऱ्या गावाला वस्तूंचीच भाषा कळू लागते. शाळा चांगली म्हणजे रंग चांगला, फरशी चांगली, प्रवेशद्वार चांगले, अशी समजूत रूढ होते.

दुसरा फलक चौकात लागतो, तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या यशाचा. ग्रामीण कोल्हापूरला या परीक्षेचे मोठे अप्रूप आहे आणि त्यामागे अनेक शिक्षकांचे सुटीतले, रात्रीचे कष्ट आहेत. त्या यशाबद्दल गावाला अभिमान वाटावा यात गैर काही नाही. परंतु फलकावर चार-सहा मुलांची छायाचित्रे असतात. वर्गात तीस मुले असतात. उरलेल्या मुलांचे काय, हे तो फलक सांगत नाही, आणि तो इतका रंगीत असतो की कोणाला विचारावेसेही वाटत नाही. शिखरावरून डोंगराची उंची कळते. पायथ्याच्या वस्तीला पाणी मिळते की नाही, हे कळत नाही.

ही केवळ शंका नव्हे. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून चालविलेल्या 'असर' या पाहणीत स्वयंसेवक खेड्यांत घरी जाऊन मुलांना साधा मजकूर वाचावयास देतात. २०१८ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही मुले शाळेत जात होती, पटावर होती, वरच्या वर्गात ढकलली जात होती, आणि बहुतेकांच्या आई-वडिलांची समजूत अशी होती की मूल शाळेत जाते म्हणजे शिकते.

हिशेब वर गेला, खाली आला नाही

शाळेने समाजापुढे हिशेब ठेवावा ही कल्पना परदेशातून आणावयाची नाही. ती येथलीच आहे. इंग्रजी अमलापूर्वी आणि त्याच्या आरंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजीला पालक धान्य वा पैसा देत आणि मूल ओसरीवर बसून पाढे, मोडी आणि हिशेब कसे करते, ते आपल्या डोळ्यांनी पाहत. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांना त्यांचे दार बंद होते, आणि छडी हेच तेथील अध्यापनशास्त्र होते. तरीही शिकवणारा आणि शिकवून घेणारा यांच्यामध्ये कागद नव्हता, हे खरे.

ज्यांना ते दार बंद होते त्यांच्यासाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी हीच उघड हिशेबाची वाट अधिक उंचीवर नेली. त्यांच्या पुण्यातील शाळांच्या परीक्षा १८५० च्या दशकाच्या आरंभी जाहीरपणे झाल्या आणि त्या पाहण्यास शहर लोटले. मुलींना विद्या येते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पत्रके काढून दिले नाही. मुलींना लोकांसमक्ष उभे करून दिले. विरोधकांच्या तोंडाला कुलूप घालण्याची याहून प्रभावी रीत नव्हती.

पुढे सरकारी शिक्षण खात्याचा कारभार बसला आणि हिशेबाचा ओघ बदलला. डेप्युटी, म्हणजे लोकांच्या तोंडचे दिपोटी, शाळा तपासावयास येऊ लागले. शेरेबुकात त्यांचा शेरा पडू लागला आणि त्या शेऱ्यावर मास्तरांचे भवितव्य ठरू लागले. गावाने शेरेबुक कधी पाहिले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शाळा लोकप्रतिनिधींच्या हाती आली, पण ओघ तोच राहिला. आज दिपोटींच्या जागी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी आहेत, शेरेबुकाच्या जोडीला संगणकीय प्रणाली आहेत. शिक्षक दिवसभर भ्रमणध्वनीवर माहिती भरीत असतो: पट किती, आहार किती शिजला, स्वच्छतागृहे किती, झाडे किती लावली. ही सारी माहिती तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला आणि दिल्लीला जाते. शाळेच्या कुंपणापलीकडे शंभर पावलांवर राहणाऱ्या पालकाकडे तेवढी ती येत नाही.

नुसती माहिती पुरेशी नाही

माहिती दिली की सारे सुधारेल, असाही भाबडा विश्वास बाळगण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञांनी 'प्रथम'च्या साह्याने २८० खेड्यांत एक प्रयोग केला. तेथे ग्रामशिक्षण समित्या होत्या. पण समितीच्या सुमारे एक-चतुर्थांश सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हते. काही गावांत सभा घेऊन लोकांना त्यांचे अधिकार समजावून सांगण्यात आले. काही गावांत मुलांची वाचनचाचणी गावकऱ्यांकडूनच करवून निकाल गावापुढे मांडण्यात आला. या दोन्ही उपायांनी सरकारी शाळेत काहीही हलले नाही. जेथे गावातील तरुणांना वाचन शिकवण्याची सोपी रीत देऊन संध्याकाळचे वर्ग चालवावयास सांगितले, तेथे त्या वर्गांना जाणारी मुले वाचू लागली. लोकांना 'तुमची मुले मागे आहेत' एवढेच सांगून थांबले, तर त्यांच्या पदरी केवळ खंत पडते. 'तुम्ही हे करू शकता' असे सांगितले, तर हात पुढे येतात.

याच्या उलट अनुभव पाकिस्तानातील पंजाबचा आहे. तेथे ११२ खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत प्रत्येक घरी मुलाचे आणि गावातील सर्व शाळांचे प्रगतिपत्रक देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांचे गुण वाढले आणि खाजगी शाळांचे शुल्क उतरले. पण तेथे एकाच गावात अनेक शाळा होत्या व पालकांपुढे निवड होती. भुदरगडच्या डोंगरातील वाडीवर एकच शाळा असते. तिला सोडून जाण्याचा अर्थ मूल दूरच्या शाळेच्या गाडीत बसवणे एवढाच असतो, आणि ते परवडणारी घरे मोजकीच असतात.

इंग्लंडचा धडा आणखी वेगळा आहे. तेथे १८६२ च्या संहितेने निकालाप्रमाणे अनुदान अशी रीत घातली, आणि मास्तर मुलांकडून तपासनिसासाठी घोकंपट्टी करवून घेऊ लागले. स्वत: शाळा-तपासनीस असलेला मॅथ्यू अर्नोल्ड तिचा कडवा टीकाकार होता. ती रीत शतक संपता संपता सोडून द्यावी लागली. १९९२ पासून तेथे शाळांच्या निकालांचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा सुखवस्तू वस्तीची शाळा वर आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीची शाळा खाली, असे चित्र निघाले. त्यातून शाळेचे काम कळले की वस्तीची सांपत्तिक स्थिती, हा वाद अजून चालू आहे. दोन शिक्षकांवर चार वर्ग ओढणारी धनगरवाड्याची शाळा आणि गारगोटी पेठेतील शाळा यांना एका तागडीत तोलणे हा अन्यायच ठरेल.

एका पानाचा ताळेबंद

या साऱ्या अनुभवांतून जो मार्ग निघतो, तो अवघड नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेने वर्षातून दोनदा, एक पान पुरेल एवढाच, आपला ताळेबंद गावापुढे ठेवावा. त्यात पट आणि सरासरी हजेरी असावी. प्रत्येक इयत्तेतील किती मुले आपल्या इयत्तेचे पान नीट वाचतात, किती अडखळतात, किती अद्याप अक्षरांशीच झुंजत आहेत. किती जणांना वजाबाकी आणि भागाकार येतो, हे साध्या शब्दांत असावे. शिक्षकांची मंजूर पदे किती, रिक्त किती आणि निवडणूक, सर्वेक्षणे, याद्या अशा कामांत शिक्षकांचे किती दिवस गेले, हेही त्यात असावे. शैक्षणिक उठावातून काय मिळाले, कशावर खर्च झाले आणि ते वापरात आहे की नाही, याचा जमाखर्च असावा. शेवटी येत्या सहा महिन्यांत शाळा काय साधणार आणि त्यासाठी घराने व गावाने काय करावे, याच्या चार ओळी असाव्यात. तुलना करावयाची ती शेजारच्या शाळेशी नव्हे, तर याच शाळेच्या गेल्या वर्षाशी.

हा ताळेबंद भिंतीवर चिकटवून भागणार नाही. तो संध्याकाळी, माणसे शेतावरून परतल्यावर, मोठ्याने वाचून दाखवावा लागेल. आणि मुलांनी समोर उभे राहून वाचून दाखवावे, गणित सोडवून दाखवावे. यात एक मर्यादा काटेकोरपणे पाळावयास हवी. शाळेचा हिशेब चारचौघांत, पण मुलाचा हिशेब त्याच्या आई-बापांशी एकांतात. मागे पडलेल्या मुलाचे नाव सभेत घेतले, तर त्या घराची मान खाली जाईल आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येणार नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या अवहेलना आली, त्यांच्या मुलांच्या बाबतीत हे पथ्य दुप्पट पाळले पाहिजे. हंगामात ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांची मुले चार-पाच महिनेच या शाळेत बसतात. त्यांच्या पालकांना निघताना दोन ओळींचा हिशेब हाती द्यावा, म्हणजे पुढच्या गावच्या गुरुजींना आरंभ कोठून करावयाचा ते कळेल.

यासाठी नवा कायदा नको आणि नवे अनुदानही नको. परंपरेने १ मे रोजी प्राथमिक शाळांचा निकाल लागतो आणि त्याच महाराष्ट्रदिनी गावोगावी ग्रामसभाही भरते. एकाच दिवशी एका अंगणात मुलांच्या हाती पत्रके पडतात आणि दुसऱ्या अंगणात रस्ते-गटारांचे ठराव होतात; मधली भिंत ओलांडण्याचा विचार कोणाला सुचत नाही. मुख्याध्यापकाने ग्रामसभेत दहा मिनिटे उभे राहून शाळेचा ताळेबंद वाचावा, आणि दुसरा ताळेबंद दिवाळीच्या सुटीपूर्वी पालकसभेत मांडावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताला त्यातून विषय मिळेल आणि विकास योजनेला आधार मिळेल.

शिक्षकांच्या मनात भीती असेल, आणि ती अकारण नाही. गावाचे राजकारण शाळेत शिरेल, अर्धवट आकड्यांवरून बदली मागितली जाईल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मौनाची किंमत त्यांनाच अधिक मोजावी लागत आहे. पालकांना शाळेचे काम दिसत नाही, तेव्हा त्यांना समोरून जाणारी पिवळी गाडी आणि गळ्यातली टाय दिसते. मूल गावातून बाहेर जाते, पट घसरतो, शिक्षक कमी होतो, आणि उरलेल्या मुलांचे शिकणे आणखी दुबळे होते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा डोंगराळ तालुक्यांत त्याची धास्ती सर्वांत जास्त होती. अशा वेळी शाळेच्या बाजूने उभे राहावे असे गावाला वाटावयाचे, तर त्या शाळेत काय चालते हे गावाला ठाऊक हवे. रिक्त पदाची बातमी तालुक्याच्या कचेरीत कागद म्हणून पडून राहते; तीच ग्रामसभेत वाचली गेली, तर मागणी होते. प्रामाणिक शिक्षकाला ताळेबंदासारखा वकील दुसरा नाही.

गावानेही आपले वागणे बदलावयास हवे. देणगी देताना फलकावरील नावापेक्षा वर्षाअखेरचा हिशेब मागावा. शिकलेल्या तरुण-तरुणींनी संध्याकाळचा एक तास अडखळणाऱ्या मुलांच्या वाचनाला द्यावा. शासनाने २०२१ नंतर पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेत गावोगावी माता-पालकांचे गट बांधण्यास चालना दिली. त्या गटांना कागदावरून अंगणात आणावे. आणि ताळेबंदात उणे दिसले, तर शिक्षकाच्या अंगावर धावून जाण्याआधी आपल्या घरातील दूरचित्रवाणी रात्री किती वाजता बंद होते, हेही पाहावे. हिशेब दोन्ही बाजूंचा असतो.

पाटगावच्या मौनी महाराजांच्या मौनाला तपाचे बळ होते. त्यांच्या दर्शनाला शिवछत्रपती आल्याची स्मृती या मुलखाने जपली आहे. शाळेच्या मौनामागे असे कोणतेही तप नाही. तेथे केवळ सवय आहे, संकोच आहे आणि विचारणारा कोणी नाही याची खात्री आहे. मौनी बाबांच्या नावाने विद्यापीठ काढणाऱ्यांनी खेड्याला बोलते करण्याचे स्वप्न पाहिले होते. वेदगंगेकाठची गृहिणी दुधाची पावती वाचावयास शिकली, तशीच ती आपल्या नातवाच्या वाचनाचीही पावती वाचावयास शिकेल. शाळेने ती तिच्या हाती मात्र दिली पाहिजे.